मुठीवरची करंगळी

तलवार कशी धरायची, याबद्दल मियामोतो मुसाशी या सतराव्या शतकातल्या जपानी तलवारबाजाने ‘गोरिन नो शो’ या आपल्या ग्रंथात मोजक्याच ओळी लिहिल्या आहेत. अंगठा आणि तर्जनी जरा तरंगती ठेवायची. मधलं बोट आवळायचं नाही आणि सोडायचंही नाही. अनामिका आणि करंगळीने पकड घट्ट करायची. मुठीच्या आत ढिलेपणा नको. तलवार उचलली ती माणूस कापण्यासाठी उचलली, हे मनात असू द्यायचं. मग एक वाक्य येतं: जो हात ‘इत्सुकू’, म्हणजे एका जागी ठाण मांडून बसतो, तो मेलेला हात, जो बसत नाही, तो जिवंत.

सामुराई ग्रंथांचा एखादा इंग्रजी अनुवाद हातात आला, की आधी हे पान उघडावं. शून्य, मन, मार्ग, मृत्यू हे शब्द कसे आले आहेत ते नंतर बघता येतं. त्या शब्दांपाशी प्रत्येक अनुवादक सावध असतो, कारण त्यांच्यावर आधीच ढीगभर लिहिलं गेलंय. करंगळीकडे कुणी बघत नाही. ‘आवळायचं नाही आणि सोडायचंही नाही’ या दुहेरी नकाराचं ‘मधलं बोट मध्यम ठेवावं’ असं झालं, तरी वाचकाला काही खटकत नाही. लाकडी तलवार हातात घेतलेल्या माणसाला मात्र खटकतं. वरची दोन बोटं आवळली की मनगट अडकतं, खांदे वर चढतात आणि टोक उशिरा खाली येतं. खालची दोन घट्ट असतील तर मनगट मोकळं फिरतं. मुसाशीला हे माहीत होतं आणि ज्या शिष्यासाठी त्याने लिहिलं त्यालाही. त्यामुळे कारण द्यायची त्याला गरज वाटली नाही.

या ग्रंथांच्या अनुवादातली बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. हे लेखन आधीच शिकलेल्या माणसाच्या आठवणीसाठी आहे. इंग्रजीत ते पोचतं कधीच न शिकलेल्या माणसाकडे, आणि मधल्या पोकळीत मग तत्त्वज्ञान भरलं जातं.

‘गोरिन नो शो’ लिहायला घेतलं ते १६४३ साली, कुमामोतोजवळच्या इवातो डोंगरातल्या रेइगान्दो गुहेत. मुसाशी १६४५ मध्ये वारला आणि मरणापूर्वी त्याने हे लेखन तेराओ मागोनोजो या शिष्याच्या हवाली केलं. त्याच्या स्वतःच्या हातची प्रत आज नाही. आहेत त्या नकला: होसोकावा घराण्याकडची एक, चिकुझेन प्रांतातल्या शिष्यपरंपरेतल्या काही, आणखी इतर. अभ्यासकांत सगळ्यात चलनात आहे ती होसोकावा प्रत, पण तीही नक्कलच. नकलाकारांकडून शब्द गळतात, ओळी सरकतात, एकाच उच्चाराची वेगळी अक्षरं घुसतात. म्हणून अनुवादकाचा पहिला निर्णय प्रत कोणती धरायची हा असतो, आणि वाचकाला त्याचा पत्ताही नसतो. प्रस्तावनेत मूळ प्रतीचा उल्लेखच नसेल, तर तो अनुवाद आधुनिक जपानीवरून किंवा आधीच्या इंग्रजीवरून झाल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

प्रत ठरली की ती वाचता आली पाहिजे. त्या काळची घसरती लिपी आज सामान्य जपानी माणसालाही वाचता येत नाही. ज्याने मोडीतली जुनी कागदपत्रं पाहिली आहेत त्याला वेगळं सांगायला नको: ओळीला ओळ चिकटलेली, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, विरामचिन्हांचा मागमूस नाही. जपानीत आणखी एक पेच आहे. ‘क’ आणि ‘ग’, ‘त’ आणि ‘द’ यांच्यातला फरक दाखवणारे दोन ठिपके जुन्या लेखनात बहुधा देतच नसत. शब्द कोणता हे संदर्भावरून ठरवायचं आणि संदर्भ शब्दांवरून. आधी ही लिपी छापील अक्षरांत उतरवायची, मग ठिपके द्यायचे, मग वाक्यं तोडायची. पूर्णविराम एक शब्द अलीकडे पडला की ‘तलवार जोरात मारावी’ आणि ‘जोरात मारायला जाऊ नये’ इतका फरक पडू शकतो. त्यात जपानी वाक्यात कर्ता बहुतेक वेळा नसतोच. सरकतो कोण, मी की समोरचा? इंग्रजीला कर्ता लागतोच, म्हणून अनुवादक तो घालतो. घालताना त्याने डोळ्यांपुढे दोन माणसं उभी केली नसतील, तर एकाची तलवार दुसऱ्याच्या हातात जाते.

शब्दांसाठी एक फार मोलाचं साधन आहे आणि त्याची वाट गोव्यावरून जाते. पोर्तुगीज जेझुइटांनी १६०३ साली नागासाकीत जपानी-पोर्तुगीज कोश छापला, १६०४ मध्ये त्याला पुरवणी जोडली. सुमारे ३२,००० शब्द, तेही मुसाशीच्या ऐन तारुण्यातल्या बोलीतले. ज्या यंत्रामुळे जेझुइटांची जपानमधली छपाई सुरू झाली, ते युरोपला गेलेल्या चार जपानी तरुणांच्या परतीच्या प्रवासात गोव्यामार्गे आलं. १५८८ साली गोव्यात त्यांच्यापैकी हारा मार्तिन्यो याचं लॅटिन भाषण छापलं गेलं आणि १५९० मध्ये यंत्र जपानात पोचलं. अनुवादकाला हा कोश उपयोगी पडतो तो मुख्यतः रोमन लिपीमुळे. त्यात ‘क’ला ‘क’ आणि ‘ग’ला ‘ग’ लिहावंच लागलं, ठिपके गाळायची सोय नव्हती. आज ‘ह’ने सुरू होणारे शब्द त्यात ‘फ’ने सुरू होतात, एवढं सांभाळलं की काम चालतं.

आणि कोशाची गरज पडते ती अनोळखी शब्दांसाठी कमी, ओळखीच्या शब्दांसाठी जास्त. अनोळखी शब्द अनुवादक शोधतोच. घात करतात ते आजही चालणारे, पण अर्थ पालटलेले शब्द. ‘गोरिन नो शो’च्या पाच गुंडाळ्या आहेत: भूमी, जल, अग्नी, वारा आणि आकाश किंवा शून्य. त्यांतल्या अग्नीच्या गुंडाळीत ‘केइकी ओ शिरू’, म्हणजे केइकी ओळखणं, असं एक कलम आहे. आजच्या जपानी वर्तमानपत्रात केइकी म्हणजे बाजारातली तेजी-मंदी. मुसाशीच्या लेखी केइकी म्हणजे समोरच्याची एकूण कळा: सैन्य चढतंय की खचतंय, माणसं किती आहेत, जागा कशी आहे, याच्या अंगात अजून किती उरलंय. ‘मुकात्सुकु’ म्हणजे आज चिडणं, मळमळणं. मुसाशीच्या कलमात ते समोरच्याचं मन डळमळवणं आहे.

त्याहून चिवट शब्द म्हणजे ‘री’. एका अक्षराने लिहिला तर लाभ, फायदा. दुसऱ्याने लिहिला तर तत्त्व, कारण. मुसाशी फायद्याचं अक्षर सर्रास वापरतो आणि कित्येकदा त्याच्या मनात दुसरा अर्थ असतो, किंवा दोन्ही. ‘तलवारीचं री’ म्हणजे तलवारीचं तत्त्व, की तलवारीचा उपयोग? सगळीकडे ‘प्रिन्सिपल’ घातलं की पुस्तक प्रवचन होतं, सगळीकडे ‘अ‍ॅडव्हांटेज’ घातलं की दुकान होतं. दर ठिकाणी थांबून ठरवावं लागतं, आणि हा शब्द शेकड्याने येतो असं वाटावं इतका येतो.

‘हेइहो’चं तेच. अक्षरशः सैन्याची रीत. मुसाशीच्या काळात तलवारबाजीलाही हेइहो म्हणत आणि युद्धशास्त्रालाही. तो स्वतः भेद करतो: ‘दाइबुन’ म्हणजे मोठ्या प्रमाणावरचं, सैन्या-सैन्यांचं, ‘इचिबुन’ म्हणजे एकट्या-एकट्याचं. १९७४ मध्ये व्हिक्टर हॅरिस यांचा इंग्रजी अनुवाद आला. हॅरिस केंदो, म्हणजे आजची जपानी तलवारबाजी, शिकलेले होते, पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये जपानी संग्रहाचे अभिरक्षक झाले. त्यांनी हेइहोला ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द दिला आणि शेवटपर्यंत पाळला. एक शब्द धरून ठेवण्यात शिस्त आहे, ती नाकारता येत नाही. पण मधलं बोट कसं ठेवावं हेही ‘स्ट्रॅटेजी’त आलं. त्यानंतरच्या दशकात, जपानी कंपन्यांपुढे अमेरिका हबकलेली असताना, हे पुस्तक व्यवस्थापनाचं पुस्तक म्हणून विकलं गेलं. शब्द ‘स्वोर्ड्‌समनशिप’ असता तर ते त्या फळीवर पोचलं असतं का, याची शंका आहे.

जलाच्या गुंडाळीत मारणं आणि लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं एक कलम येतं. ‘उत्सु’ म्हणजे ठरवून, मन लावून केलेला वार. ‘आतारू’ म्हणजे जाता जाता झालेला स्पर्श. तो इतका जोराचा असेल की समोरचा तिथेच मेला, तरी ते लागणंच, मारणं नाही. इंग्रजीत ‘हिट’ आणि ‘स्ट्राइक’ यांत हा भेद मुळातच नाही, तळटीप देऊन तो उभा करावा लागतो. मराठीत हे कलम विनासायास उतरतं. ‘मला लागलं’ आणि ‘मला मारलं’ यांतला फरक शाळेतल्या पोरालाही कळतो.

वाऱ्याच्या गुंडाळीचंही तसंच. तिच्यात इतर घराण्यांच्या तलवारबाजीवर टीका आहे, नऊ कलमांत: लांब तलवारीचा हव्यास, ताकदीचा हव्यास, आखूड तलवारीचा, डावांच्या संख्येचा, पवित्र्यांचा, वगैरे. टीकेला वारा हे नाव का? कारण ‘फू’ या अक्षराचा अर्थ वारा आणि रीतही. जुनी रीत, आजची रीत, त्या त्या घराण्याची रीत, असं मुसाशी स्वतःच सांगतो. इंग्रजी वाचकाला हा ‘विंड’ कुठून आला ते टिपेशिवाय कळत नाही. ज्या भाषेत पोराला शहराचं वारं लागतं, तिथे टीप लहान पुरते.

सगळ्यात मजेचा पेच ‘उशी दाबणे’ या कलमात आहे. समोरच्याला डोकं वर काढू द्यायचं नाही, त्याच्या मनात आलं की तिथेच दाबायचं. किती लवकर? ‘उत्सु’मधल्या ‘उ’लाच दाबायचं, ‘त्सु’पर्यंत पोचू द्यायचं नाही. ‘काकारू’, म्हणजे चाल करणं, त्याच्या ‘का’लाच. उडी मारण्याच्या ‘तोबू’ला ‘तो’शी, कापण्याच्या ‘किरू’ला ‘कि’शी. शब्दाचं पहिलं अक्षर हेच इथे वेळेचं माप आहे. शब्द तसेच जपानी ठेवले तर इंग्रजी वाचकाच्या कानाला ते पहिलं अक्षर भिडत नाही. इंग्रजी क्रियापदं घेऊन त्यांचे तुकडे केले तर चालतं, हॅरिस यांनी तेच केलं आहे. इथे शब्दशः राहणारा अनुवादक हरतो. मराठीत ‘मार’च्या ‘मा’ला, ‘काप’च्या ‘का’ला दाबायचं म्हटलं की झालं.

‘ह्योशी’ हा शब्द मात्र कुणाच्याच हाती नीट लागलेला नाही. ‘टायमिंग’ म्हणा, ‘ऱ्हिदम’ म्हणा, ‘केडन्स’ म्हणा. तिन्ही वापरून झालेत. मुसाशी ‘नो’ नाट्यातलं नृत्य आणि वाद्यवादन यांचा दाखला देतो, मग तिरंदाजी, बंदूक, घोडेस्वारीकडे वळतो, पुढे नोकरीत वर चढण्याची आणि खाली येण्याचीही ह्योशी असते म्हणतो. जुळणारी असते, मोडणारी असते, समोरच्याची हेरून तिला छेद देणारी असते. ‘टायमिंग’मध्ये नेमका क्षण सापडतो पण सलगता जाते, ‘ऱ्हिदम’मध्ये उलट. आपल्याकडे लय आहे आणि ठेकाही. एका शब्दाला दोन शब्द वापरले तर काही बिघडत नाही असं मला वाटतं, फक्त टिपेत तसं सांगावं.

जवळजवळ प्रत्येक कलम एका आज्ञेने संपतं, आणि अनुवादक इथे हमखास कंटाळतो. ‘नीट अभ्यास कर’, ‘नीट अभ्यास कर’, पानोपानी. वाचकही ती ओळ सोडून पुढे जातो. मुळात मात्र क्रियापदं बदलतात. ‘गिन्मी’ म्हणजे चाखून, पारखून बघणं. ‘कुफू’ म्हणजे स्वतःचं डोकं लावून जुळवून आणणं. ‘केइको’ म्हणजे सराव. ‘तान्रेन’ म्हणजे तापवून ठोकून घडवणं, आणि जलाच्या गुंडाळीच्या शेवटी मुसाशी त्याचे दोन तुकडे करतो: १,००० दिवसांचा सराव तो ‘तान’, १०,००० दिवसांचा तो ‘रेन’. कोणत्या कलमाखाली कोणतं क्रियापद आहे, यावरून ते कलम विचार करून कळण्याजोगं आहे की अंगवळणी पाडण्याजोगं, याचा माग लागतो. चारही ठिकाणी ‘स्टडी’ लिहिलं की हा माग पुसला जातो.

भूमीच्या गुंडाळीतला सुतार इंग्रजी आवृत्त्यांमध्ये सहसा सुरेख उतरतो असं म्हणतात, कारण उपमा सोपी आहे: सेनापती म्हणजे मुकादम सुतार, शिपाई म्हणजे हाताखालचे. पण तपशील सोपा नाही. सरळ, बिनगाठीचं, देखणं लाकूड दर्शनी खांबांना. थोड्या गाठी पण सरळ आणि दणकट असेल ते मागच्या खांबांना. कमजोर पण बिनगाठीचं, दिसायला चांगलं, ते उंबरठे, वरच्या आडपट्ट्या, दारं आणि सरकत्या पडद्यांना. गाठाळ, वाकडं पण मजबूत असेल ते घराच्या ज्या भागाला बळ हवं तिथे विचार करून. गाठाळ आणि कमजोर ते पायाडाला, नंतर सरपणाला. माणसांचीही तशीच वाटणी: कुशल तो दर्शनी काम करील, कमी तो तक्तपोशीखालच्या आडव्या कड्या टाकील, त्याहून कमी तो पाचरी तासत बसेल. जपानी लाकडी घर आतून न पाहिलेला अनुवादक इथे ‘बीम’ आणि ‘बोर्ड’ या दोन शब्दांत सगळं गुंडाळतो आणि उपमेचा जीवच जातो. मुसाशीला सांगायचं आहे ते हेच, की पाचर तासणाऱ्यालाही जागा आहे, फक्त ती कुठली ते मुकादमाला कळलं पाहिजे.

आकडे आणि मापं लहान वाटतात, पण तिथेही घसरायला होतं. लिहायला घेतलं ते दहाव्या महिन्यात, असं मजकूर म्हणतो. ते ऑक्टोबर नव्हे. चांद्रपंचांगाचा दहावा महिना त्या वर्षी पाश्चात्त्य नोव्हेंबरात येतो. तिथी-शकांवरून इंग्रजी तारीख काढण्याचे वाद आपल्याला नवे नाहीत. लिहायला बसल्याची वेळ आहे व्याघ्र-प्रहराचा आरंभ, म्हणजे साधारण पहाटे ३ नंतर. तेराव्या वर्षी पहिली झुंज मारली असं तो सांगतो, ते जन्माचं वर्ष पहिलं धरून. आजच्या हिशोबाने अकरा-बारा. अंगाने धडक देऊन समोरच्याला दोन-तीन ‘केन’ फेकता येतं, असं एक कलम म्हणतं. एक केन १.८ मीटरच्या आसपास, तेव्हा साडेतीन ते साडेपाच मीटर. ‘दिवसाला ४०-५० री चालणारे’ (हे री अंतराचं माप, सुमारे ४ किलोमीटरचं) म्हणजे १६० ते २०० किलोमीटर. अतिशयोक्ती असेलही, पण आकडा दिल्याशिवाय वाचकाला ती अतिशयोक्ती आहे हे कळणार कसं?

एवढं सगळं केलं तरी जलाच्या गुंडाळीतल्या पाच मूळ पवित्र्यांची कलमं कागदावर बसून उमजत नाहीत. मुसाशीची तलवारबाजीची परंपरा, नितेन इचि-र्यू, आजही शिकवली जाते, तेव्हा तो प्रकार प्रत्यक्ष पाहता येतो. तेही जमत नसेल तर निदान दोन माणसं आणि लाकडी तलवारी घ्याव्यात: लांब साधारण १०२ सेंटिमीटरची, आखूड ५५ची. एकाने अनुवादातलं वाक्य वाचायचं, दुसऱ्याने तेवढंच करायचं, मनचं काही घालायचं नाही. वाक्यात हात कुठे हे नसेल तर दुसरा अडतो. अडला, की मूळ वाक्यात ते आहे का बघायचं. असेल तर अनुवादाची चूक. नसेल तर ते मुसाशीनेच सोडलेलं आहे, आणि ते तसंच सोडायचं. काही कलमांखाली तर त्याने उघडच लिहून ठेवलंय: ‘कुदेन’. म्हणजे हे तोंडी सांगायचं आहे. अशा ठिकाणी तीन-चार ओळींचं आपलं निरूपण घुसवणारे अनुवाद आहेत. ते वाचायला छान वाटतात, पण त्यातला मुसाशी किती आणि अनुवादक किती हे कळायला वाचकाकडे मार्ग राहत नाही.

याग्यू मुनेनोरीच्या १६३२ च्या ‘हेइहो कादेन शो’त हा प्रश्न आणखी तीव्र आहे. तो शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, तलवारबाजीतला गुरू, आणि पुस्तक घराण्याच्या वारसांसाठी. त्याच्या पहिल्या भागात डावांची नुसती यादी आहे, आणि नावं झेन ग्रंथांतून उचललेली: ‘एक तलवार दोन तुकडे’, ‘खिळा छाटणे, लोखंड तोडणे’. ही नावं भाषांतरित केली की वाचक त्यांत अर्थ शोधत बसतो. ती डावांची लेबलं आहेत; उच्चार ठेवावा, अर्थ तळाशी द्यावा. याग्यू घराण्याची ओवारी शाखा नागोयात आजही हे डाव करते, तेव्हा विचारायलाही जागा आहे. हिरोआकी सातो यांचा १९८५ चा अनुवाद मला यासाठी भरवशाचा वाटतो, की न उलगडणारी गोष्ट त्यांनी उलगडल्याचा आव आणलेला नाही.

मुनेनोरीला झेन भिक्षू ताकुआनने लिहिलेलं ‘फुदोचि शिनम्योरोकु’ हे त्यामानाने सुगम. सहस्रबाहू कान्नोनचं मन धनुष्य धरलेल्या एका हातावर थांबलं, तर उरलेले नऊशे नव्याण्णव हात निकामी. कुठेच थांबलं नाही, तर सगळे कामाचे. आपल्याला हे वाचताना घरी आल्यासारखं होतं, आणि कारण खरंच ऐतिहासिक आहे. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, ‘फुदो’ म्हणजे अचल. ‘गोरिन’ म्हणजे पाच चक्रं: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. जपानभर थडग्यांवर दिसणाऱ्या पाच थरांच्या दगडी स्तूपांवर ‘अ व र ह ख’ ही बीजाक्षरं सिद्धम् लिपीत कोरलेली असतात. इंग्रजीत ती ‘रिंग्ज’ झाली आणि पाचवं तत्त्व ‘व्हॉइड’ झालं. चिनी-जपानीत ‘कू’ या एकाच अक्षरात आकाशही आहे आणि शून्यताही, म्हणून शेवटच्या गुंडाळीला कोणतं एक नाव द्यायचं हा पेच संस्कृतकडे परत आलं तरी सुटत नाही.

पण घरी आल्याच्या आनंदात एक विसरू नये. मुसाशी सुरुवातीलाच बजावतो, की बौद्ध आणि कन्फ्यूशियन ग्रंथांचे जुने शब्द उसने घेणार नाही, युद्धकथांचे दाखले देणार नाही. ताकुआनचं झेन त्याच्या तोंडी घालणं ही इंग्रजी अनुवादांची जुनी खोड आहे. संस्कृतप्रेमी मराठी अनुवादक वेदान्त घालील, इतकाच फरक.

‘हागाकुरे’ची गोष्ट निराळी, कारण तिथे अनुवाद म्हणजे आधी निवड. त्यातलं बोलणं सागा जहागिरीच्या एका सामुराईचं, यामामोतो त्सुनेतोमोचं. मालक १७०० साली वारला. मालकामागोमाग मरायला कायद्याने बंदी होती, म्हणून हा मुंडण करून झोपडीत राहिला. त्याचं बोलणं ताशिरो त्सुरामोतोने १७१० ते १७१६ दरम्यान उतरवलं. ११ भाग, १,३०० हून जास्त नोंदी. विल्यम स्कॉट विल्सन यांचा १९७९ चा प्रसिद्ध अनुवाद सुमारे ३०० नोंदींचा. कोणत्या ३०० घेतल्या, यावरून इंग्रजी जगाचा त्सुनेतोमो ठरला. २०१४ मध्ये अलेक्झांडर बेनेट यांनी पहिले दोन भाग अखंड दिले, तेव्हा तो बराच वेगळा माणूस दिसायला लागला: दरबारी, खवट, जांभई कशी दाबावी आणि चेहरा उतरला तर लावायला बाहीत लाली ठेवावी असंही सांगणारा.

त्याचं ते प्रसिद्ध वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं: बुशिदो म्हणजे मरणं. मुळात शेवटी ‘मित्सुकेतारी’ हे क्रियापद आहे, शोधून सापडल्याच्या अर्थाचं: ‘बुशिदो म्हणजे मरणं, असं मला उमगलं आहे.’ इंग्रजीत ‘सामुराईचा मार्ग मृत्यूत सापडतो’ असं झालं की बोलणारा माणूस गायब होतो आणि घोषणा उरते. आणि तो परिच्छेद कुठे संपतो ते उद्धृत करणारा क्वचितच सांगतो. रोज सकाळ-संध्याकाळ नव्याने मर, सतत मेलेल्यासारखा राहा, म्हणजे मोकळा होशील, आणि आयुष्यभर चूक न करता घराण्याची नोकरी तडीस नेशील. एवढं मरून शेवटी नोकरी! शांततेच्या काळातल्या कारकुनाचं हे बोलणं आहे, आणि तसंच ऐकू आलं पाहिजे.

त्याच्या शेजारी मुसाशी ठेवून बघा. मरायची तयारी काय, ती भिक्षूची असते, बायकांची असते, शेतकऱ्याची असते, असं तो म्हणतो. योद्ध्याचं काम जिंकणं. जीव द्यायची वेळ आली तर जवळचं प्रत्येक हत्यार वापरून झालेलं असावं, कमरेला न उपसलेली तलवार ठेवून मरण्यात काय अर्थ? ही दोन पुस्तकं एकाच फळीवर ‘सामुराई विज्डम’ म्हणून लावणाऱ्यांनी दोन्हींपैकी एकही नीट वाचलेलं नसावं. नितोबे इनाझो यांचं ‘बुशिदो’ तर मुळात इंग्रजीतच लिहिलेलं, १९०० सालच्या सुमाराचं, परदेशी वाचकासाठी. त्या चष्म्यातून सतराव्या शतकाकडे बघितलं की सगळे सामुराई एकसारखे सभ्य दिसतात.

मराठीत हे ग्रंथ येतात ते इंग्रजीतून, त्यामुळे ‘स्ट्रॅटेजी’ची रणनीती होते, ‘रिंग्ज’ची वलयं होतात आणि ‘व्हॉइड’ची पोकळी. जपानी येत नसेल तरी यातलं बरंच टाळता येतं. निदान दोन इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवावेत, एक जुना, एक अलीकडचा. मुसाशीसाठी हॅरिस आणि बेनेट यांचा २०१८ चा, असं म्हणेन. जिथे दोघे जुळत नाहीत तिथे मूळ शब्द अवघड आहे असं समजून खूण करावी, आणि खुणा केलेली कलमं जपानी जाणणाऱ्याला दाखवावीत. काम भूमीपासून न धरता जलाच्या गुंडाळीपासून धरावं, कारण तिच्यात शरीर आहे आणि चूक लगेच उघडी पडते. पहिली दहा कलमं झाली की हातात काठी धरलेल्या कुणालाही मोठ्याने वाचून दाखवावीत आणि करायला सांगावीत. तो जिथे थांबून विचारील, तिथेच तळटीप द्यावी. बाकीच्या काढून टाकल्या तरी चालतील.